कोयनेल, उर्फ इंडियन प्रिव्हेट

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या वाडीच्या नव्या मालकांनी व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. अकरा पानं. पोहण्याचा तलाव, पार्किंग, लॉन, दिव्यांच्या जागा, सगळं रंगीत. सातव्या पानावर आमच्या आणि त्यांच्या वाडीमधलं कुंपण लाल रेघेने खोडलेलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘जुनं झुडपी कुंपण मुळासकट काढणे’. आठव्या पानावर त्या जागी जांभ्याची सहा फूट भिंत. आणि नवव्या पानावर, भिंतीचा कोरडेपणा लपावा म्हणून, ‘भिंतीलगत इंडियन प्रिव्हेट, सदाहरित, २२० नग’. सोबत एका हिरव्यागार, काटकोनात कापलेल्या झुडपाचा फोटो. खाली नम्रपणे विचारलं होतं, की कुंपण सामाईक असल्यामुळे आपली संमती हवी आहे.

मी तेव्हा हिंजवडीत एका मीटिंगमध्ये होते. बाबांनी पीडीएफ पुढे ढकलली होती, ‘बघ काय ते’ एवढंच लिहून. फोटो मोठा करून पाहिला. समोरासमोर आलेली चकचकीत पानं, कोवळ्या दांड्यांवर जांभळट झाक, तीन-तीनच्या झुपक्यात पांढरी फुलं आणि फुलांतून मांजराच्या मिशांसारखे बाहेर आलेले लांब, तांबूस-जांभळे केसर. मीटिंग संपेपर्यंत माझी खात्री झाली होती. हे कोयनेल होतं. म्हणजे दोनशे वीस फूट कोयनेल मुळासकट काढायचं आणि त्याच जागी, फुटाला एक या हिशेबाने, विकत आणलेलं दोनशे वीस नग कोयनेल लावायचं. इंग्रजी नावाने.

घरी सांगितलं तेव्हा सगळे हसले. आजी हसली नाही. तिने विचारलं, “आणि मधे भिंत कशाला?”

आमचं गाव अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर, चौलच्या अलीकडे. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात, आठ आगरांचा मुलूख. आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि आगर म्हणजे मीठ पिकवायची जागाही. खारं आणि गोडं पाणी इतकं जवळजवळ असलेल्या प्रदेशाला शोभेल असाच शब्द. तालुक्याच्या गावाच्या नावातच बाग आहे. अली नावाच्या कुणा धनिकाने इथे विहिरी खोदल्या, बागा लावल्या, त्यावरून अलिबाग, असं १८८३च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंदलं आहे. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. रायगड झालं १९८१मध्ये. आमच्याकडच्या वाड्या लांबट, चिंचोळ्या. एक टोक रस्त्याला, दुसरं समुद्राकडे, मधे विहीर आणि पूर्वी त्यावर रहाट. अशा वाड्यांच्या हद्दी म्हणजे दोन लांबच लांब समांतर रेघा, आणि त्या रेघांवर कुठे गडगा, कुठे शेराची वई, कुठे मोगली एरंड. आमच्या आणि शेजारच्या अण्णांच्या वाडीमध्ये कोयनेल होतं. आजीच्या सासऱ्यांनी खाडीकाठून काड्या आणून लावलेलं.

तर प्रिव्हेट म्हणजे काय, इथून मी सुरुवात केली. संमतीच्या उत्तरात काहीतरी ठोस लिहिता यावं एवढाच हेतू होता. पुढचे दोन महिने रात्री मी काय वाचत बसले होते हे टीममध्ये कुणाला सांगितलं नाही.

खरं प्रिव्हेट वेगळं. त्याचं शास्त्रीय नाव लिगुस्ट्रम, आणि ते ऑलिव्हच्या कुळातलं, म्हणजे आपल्या जाई-जुईच्या आणि पारिजातकाच्या गोतावळ्यातलं. युरोपातलं मूळचं प्रिव्हेट, लिगुस्ट्रम वल्गेअर, इंग्लंडमध्ये रानात उगवतं. बारीक पानं, पांढऱ्या फुलांचे तुरे, काळी फळं. त्याचा मोठा गुण असा, की कितीही कापा, ते तक्रार करत नाही. जॉन पार्किन्सन या लंडनच्या औषधविक्याने १६२९मध्ये बागांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात तो प्रिव्हेटचं याच कारणासाठी कौतुक करतो. याला कापून, वाकवून हवा तो आकार देता येतो, म्हणतो: जनावरं, पक्षी, हत्यारबंद माणसं. झुडपातून हत्यारबंद माणसं कापून काढण्याची हौस मला आधी विचित्र वाटली. मग आठवलं, की आपल्याकडच्या सार्वजनिक बागांतून हत्ती, मोर आणि कमानी कापलेल्या असतात, आणि त्या बघायला आम्ही शाळेच्या सहलीला गेलो होतो.

इंग्लंडच्या देशी प्रिव्हेटची एक अडचण होती. थंडी कडक पडली, की त्याची पानं झडतात. म्हणजे ज्या महिन्यांत बाहेर सगळं उघडं पडतं, त्याच महिन्यांत कुंपणही उघडं पडतं. ही अडचण जपानने सोडवली. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ थुनबर्ग १७७५मध्ये डच कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर पोचला, आणि जपानी प्रिव्हेटला शास्त्रीय नाव मिळालं ते त्याच्याकडून. ते बारमाही हिरवं. चीनमध्ये आणखी एक मोठं, चकचकीत पानांचं सदाहरित प्रिव्हेट आहे, लिगुस्ट्रम लुसिडम. त्याच्या फांद्यांवर एक कीटक पाळून तिथे पांढरं मेण काढत आले आहेत. पण इंग्लंडचं नशीब काढलं ते तिसऱ्याने. जपानचंच लंबगोल पानांचं प्रिव्हेट, ओव्हॅलिफोलियम. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते युरोपात आलं. धूर सहन करणारं, काडीवर जगणारं, फार कडाका नसेल तर हिवाळ्यातही पानं न टाकणारं आणि स्वस्त. त्याच काळात लंडनभोवती एकसारख्या घरांच्या एकसारख्या रांगा उठत होत्या आणि प्रत्येक घराला पुढे सतरंजीएवढी बाग होती. त्या सतरंजीची किनार म्हणजे प्रिव्हेट. ‘प्रिव्हेट’ हा शब्द ‘प्रायव्हेट’च्या इतका जवळ आहे, की नातं असणारच असं वाटतं, कोशकार मात्र व्युत्पत्ती अज्ञात म्हणून मोकळे होतात.

इंग्रज साहेब जगात जिथे गेला, तिथे त्याला कुंपणासाठी कापता येईल असं झुडूप दिसलं, की त्याला तो प्रिव्हेट म्हणाला. मेंदीला इजिप्शियन प्रिव्हेट, कोयनेलला इंडियन प्रिव्हेट. पण मेंदीच्या बाबतीत हा घोळ साहेबाच्याही आधीचा आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी इजिप्तच्या सुगंधी मेंदीचं वर्णन करतो आणि जाता जाता सांगतो, की इटलीत ज्याला लिगुस्ट्रम म्हणतात तेच हे झाड, असं काहीजणांचं म्हणणं आहे. पुढे दीडेक हजार वर्षांनी युरोपातले वनस्पतिकार मेंदीला ‘इजिप्तचं लिगुस्ट्रम’ असंच लिहीत होते. फुलं पांढरी, पानं लहान, कुंपणाला चालतं, झालं, तेच.

हसण्यासारखं नाही, कारण आपणही तेच करतो. अर्ध्या महाराष्ट्रात कुठल्याही कापलेल्या कुंपणाला ‘मेंदी’ म्हणतात. हाउसिंग सोसायटीच्या फाटकाशी जी ‘मेंदी’ असते, ती हाताला लावून बघा, काही रंगणार नाही. कोयनेललाही कडू मेंदी म्हणतात. वनजाई म्हणतात, म्हणजे रानातली जाई. आणि सतराव्या शतकात केरळात त्याचं जे नाव लिहून घेतलं गेलं ते होतं नीर-नोच्चि, म्हणजे पाण्याकाठची निर्गुंडी. कुणाला त्यात मेंदी दिसली, कुणाला जाई, कुणाला निर्गुंडी, कुणाला लंडनच्या उपनगरातलं प्रिव्हेट. ज्याच्या अंगणात जे, त्याने ते नाव दिलं. त्यातल्या त्यात केरळी वैद्यांचा नेम जवळ लागला होता, ते पुढे येईलच.

हे नीर-नोच्चि ज्या ग्रंथात आहे, तो ‘हॉर्टस मलबारिकस’. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रेडे याने बारा खंडांत मलबारच्या वनस्पती नोंदवल्या. ॲम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात ते खंड छापले गेले. माहिती दिली इट्टी अच्युतन या एळवा वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. पहिल्या खंडात या तिघांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोकणीत छापलं आहे. ॲम्स्टरडॅमला, १६७८मध्ये, म्हणजे रायगडावर शिवाजी महाराज हयात असताना. ते पान मी स्क्रीनवर पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला, हे कबूल करते. आपल्या किनाऱ्यावरची माणसं आपल्या अक्षरांत सांगत होती, की ही झाडं आम्ही ओळखतो.

कोयनेलचं चित्र पाचव्या खंडात आहे. पुढे १७५३मध्ये लिनियसने जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा या झुडपाला मिळालं व्होल्कामेरिया इनर्मिस. पहिला शब्द न्यूर्नबर्गच्या योहान गेओर्ग फोल्कामर या वैद्याच्या सन्मानार्थ. याच फोल्कामरच्या थोरल्या भावाने बर्फ पडणाऱ्या त्या गावात लिंबू-संत्र्यांची बाग फुलवून तिच्यावर ग्रंथ छापला होता; हौशी घराणं दिसतं. दुसरा शब्द आमच्या कामाचा. इनर्मिस म्हणजे निःशस्त्र. लिनियसने त्याच पानावर व्होल्कामेरिया अक्युलिआटा म्हणून दुसरं एक झुडूप नोंदवलं आहे, वेस्ट इंडीजमधलं, काटेरी. त्याच्या शेजारी आपलं हे बिनकाट्याचं, म्हणून निःशस्त्र.

मेंदीलाही लिनियसने हाच शब्द दिला आहे, लॉसोनिया इनर्मिस. शिवाय लॉसोनिया स्पायनोसा, काटेरी, अशी दुसरी जातही त्याने नोंदवली. नंतर लक्षात आलं, की दोन्ही एकच. मेंदी तरुण असताना बिनकाट्याची असते, वय झालं की तिच्या आखूड फांद्यांची टोकं कडक होऊन काटे बनतात. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर आहे,” आणि बाबांकडे पाहिलं.

कोयनेलच्या नावाचं पुढे काय झालं हे माझ्या धंद्यातल्या लोकांना फार आवडेल. १७८८मध्ये गेर्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने फळांचा अभ्यास करून हे झुडूप क्लेरोडेंड्रम या प्रजातीत हलवलं. क्लेरोडेंड्रम म्हणजे नशिबाचं झाड. त्यात सुदैवी, दुर्दैवी अशा नावांच्या जाती आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला आपण जिची भाजी करतो ती भारंगीही बरीच वर्षं तिथेच होती. पुढची दोन शतकं सगळी पुस्तकं, सगळे पाटे, सगळ्या औषधी नोंदी क्लेरोडेंड्रम इनर्मे या नावाने झाल्या. मग डीएनए वाचता येऊ लागला, आणि २०१०मध्ये असं ठरलं, की लिनियस बरोबर होता, ही व्होल्कामेरिया वेगळीच. दोनशे बावीस वर्षांनी बदल मागे घेतला. आमच्याकडे असा रिव्हर्ट कुणी केला असता तर रात्रभर फोन वाजले असते. दरम्यान कूळही बदललं होतं. आता कोयनेल धरतात ते तुळशीच्या कुळात. निर्गुंडीही त्याच कुळात आली. म्हणजे नीर-नोच्चि म्हणणारे साडेतीनशे वर्षांपूर्वी फारसे चुकले नव्हते, आणि आमच्या घरी पुढच्या अंगणातलं वृंदावन आणि मागचं कुंपण ही एकाच घरातली माणसं निघाली.

निःशस्त्र झुडपाचं कुंपण चालतं कसं, हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. कुंपण म्हटलं की काटे. जगातलं सगळ्यात आडदांड कुंपण आपल्याच देशात होतं आणि ते काट्यांचं होतं. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकवून मीठ बंगाल इलाख्यात जाऊ नये म्हणून जकातीची एक रेषा आखली. १८६९च्या सुमाराला ती सिंधूपासून महानदीच्या बाजूपर्यंत सुमारे चार हजार किलोमीटर पसरली होती. तिच्यावर जिथे झाडं जगली तिथे बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, थोर यांची जिवंत भिंत वाढवली, जिथे जगली नाहीत तिथे वाळलेली काटेरी झुडपं रचली. पहाऱ्याला हजारो माणसं. हे कुंपण वाढवण्यात ज्याने फार मेहनत घेतली तो अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, तोच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होता. १८७९मध्ये ही रेषा सोडून दिली आणि कुंपण मातीला मिळालं. काटे होते, पहारा होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना ते कुणाला हवं नव्हतं.

कोयनेलकडे काट्यांऐवजी चव आहे. पान चुरडलं की उग्र वास येतो आणि जीभ लावली तर दिवसभर विसरता येत नाही. गुरं तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा हुंगून पुढे जाते, आणि शेळी ज्याला नाही म्हणते त्याच्याविषयी आणखी काय सांगायचं. या कडूपणामुळेच ते तापावर देत. मुंबईत राहून इथल्या औषधी वनस्पतींवर लिहिणाऱ्या विल्यम डायमॉकने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची दखल घेतली आहे. आमच्याकडे पानांचा रस देत नसत, पण खरूज झाली तर पाला टाकलेल्या पाण्याने अंघोळ घालत. मला घातलेली आठवते. खरजेपेक्षा वास जास्त आठवतो.

दुसरं म्हणजे मीठ. हे झुडूप मूळचं खाडीचं. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथे, तिवरांच्या मागच्या बाजूला, ते पसरट वाढतं; फांदी जमिनीला टेकली की तिथे मूळ धरतं. फळ वाळलं की त्याचे चार तुकडे होतात, त्यांची साल बुचासारखी असते, ते पाण्यावर तरंगत जातात आणि नव्या किनाऱ्याला लागतात. भारताच्या किनाऱ्यापासून ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या बेटांपर्यंत हे झुडूप आहे ते असं. वैशाखात आमच्याकडे समुद्रावरून जो खारा वारा येतो त्याने गुलाबाची पानं कडेने करपतात. कोयनेल तेव्हा जास्तच चकचकतं.

इकडे खरं प्रिव्हेट भारतात नाही असं मात्र समजू नका. सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या बाजूला, लिगुस्ट्रम पेरोटेटी नावाचं आपलं स्वतःचं प्रिव्हेट आहे. १८४४मध्ये त्याला नाव मिळालं ते निलगिरीत हिंडलेल्या पेरोते या वनस्पतिकाराचं. महाबळेश्वर हे साहेबांचं उन्हाळ्याचं ठिकाण. म्हणजे घरची आठवण काढत ज्या रानात ते फिरायला जात, तिथे ते झुडूप उभंच होतं, आणि कुंपणाला मात्र कुणी घेतलं नाही. घाटातच राहिलं, पश्चिम घाटाबाहेर कुठेही नाही. बरंच झालं. प्रिव्हेट कुंपणाबाहेर पडलं तर काय होतं हे पाहायचं तर मॉरिशसला जावं. श्रीलंकेतलं एक प्रिव्हेट, लिगुस्ट्रम रोबस्टम, तिथे पोचलं. त्याची फळं पक्ष्यांना आवडतात. आज तिथल्या ओल्या डोंगराळ जंगलात, जिथल्या कितीतरी वनस्पती जगात इतरत्र कुठेच नाहीत, ते आणि चीनी पेरू यांनी मिळून मूळ झाडांची कोंडी केली आहे. कोकणातून गिरमिटावर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्याच डोंगरांच्या पायथ्याशी राहतात. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असेल, झुडपाची नसते.

खाडीकाठचं कोयनेल इंडियन प्रिव्हेट कधी झालं याची एक तारीख सांगता येत नाही, तशी ती नसतेच. पण कसं झालं ते दिसतं. साहेबांचे बंगले झाले, बंगल्याला कंपाउंड आलं. हा ‘कंपाउंड’ शब्द मलय भाषेतल्या ‘कांपुंग’वरून आला असावा असं ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने १८८६मध्येच लिहून ठेवलंय, म्हणजे आपल्याला वाटतो तितका तोही इंग्रज नाही. कंपाउंडच्या कडेला कापलेली हिरवी भिंत पाहिजे होती. विलायती प्रिव्हेट इथल्या उन्हात टिकणारं नव्हतं. टिकणारं एक झुडूप माळ्याला ठाऊक होतं. त्याने काड्या आणून लावल्या, कात्री चालवली आणि साहेबाने नाव दिलं. बंगल्यांमागून कचेऱ्या, स्टेशनं, महापालिकांच्या बागा. कोयनेल खाडीवरून देशावर चढलं आणि पुण्यात इतकं रुळलं, की ते समुद्राकाठचं आहे हे सांगितलं तर पुणेकरांना खरं वाटत नाही. माझ्या ऑफिसच्या आवारात आहे. पाच वर्षं रोज त्याच्या शेजारून जात होते आणि ओळखलं नव्हतं. कापून कापून त्याला कधी फूल येऊच दिलेलं नाही.

आणि आता ते परत गावी येत होतं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, नगावर.

अलिबागला जमिनी घेणारे मुंबईकर आम्हाला नवे नाहीत. पण २०२०च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, गाडी घालून तासाभरात येता यायला लागलं, आणि भाव बदलले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. मी तेव्हा वर्क फ्रॉम होममुळे घरीच होते. दुपारी दोन-तीन तासांत पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. अण्णांच्या वाडीतले सत्तावीस नारळ पडले. रस्त्याकडची त्यांची सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत सरळ आडवी झाली, एका रेषेत, जणू कुणी ढकलली. मधलं कोयनेल पार झोपलं, पानं झडून नुसत्या काठ्या राहिल्या, आणि आषाढात पुन्हा हिरवं झालं. अण्णा त्या पावसाळ्यानंतर खचले. नारळ लावून सात वर्षं थांबायचं वय राहिलं नाही, म्हणाले. दोन वर्षांनी गेले. मुलांनी वाडी विकली, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

या कुंपणाला एक भोक होतं, विहिरीजवळ, माणूस वाकून जाईल एवढं. कुणी पाडलं माहीत नाही. त्यातून ताक जायचं, हळदीकुंकवाची निमंत्रणं जायची, एका वर्षी बाबा आणि अण्णा एका फणसावरून भांडले तेव्हा फक्त बायका जायच्या. छाटणी दोघांनी करायची. आपापली बाजू आपण आणि माथा आलटून पालटून. आजी मला भोकातून पाठवायची तेव्हा सांगायची, “केसर केसांत अडकवून येऊ नको.” तरी यायचेच.

मोजणी आली मे महिन्यात. कागदावर हद्द ही एक रेघ आहे आणि रेघेला जाडी नसते. कोयनेल चार फूट रुंद झालेलं. त्या चार फुटांत रेघ कुठे, यावर भिंत कुणाच्या बाजूला ते ठरणार. मोजणीवाल्यांनी उपकरण लावलं, गुण पाडले, आणि आजीने लांबूनच सांगितलं होतं तिथे, विहिरीपासून समुद्राकडे तिसऱ्या पोफळीसमोर, कोयनेलच्या बुडात हात घातल्यावर हद्दीचा दगड मिळाला. बुंध्यांनी तो असा धरला होता, की काढता येत नव्हता. रेघ जवळजवळ मधूनच जात होती.

नव्या मालकांना मी ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. लिनियस वगळला. फक्त एवढंच, की तुम्ही जे आणताय ते हेच आहे. कोयनेलची एक फांदी आणि त्यांची पीडीएफ शेजारी शेजारी धरली. भला माणूस. त्यांनी नीट पाहिलं, पान चुरडून वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “सेमच आहे. पण नर्सरीची सगळी एका उंचीची येतात ना.” मग जरा थांबून, “आणि खरं सांगू का, मला आणि मिसेसना इथे रात्री भीती वाटते. चारी बाजूंनी नुसतं झाड.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रिव्हेटच्या चारशे वर्षांत ते कुठे नव्हतं. आजी म्हणाली, “वाटणारच. आम्ही कोण ते तुम्हाला कुठे माहीत आहे.” आणि त्यांना कोकम सरबत दिलं.

शेवटी ठरलं ते असं. रस्त्यापासून विहिरीपर्यंत भिंत, ऐंशी फूट, पूर्ण त्यांच्या हद्दीत. विहिरीच्या पलीकडे समुद्रापर्यंत कोयनेल तसंच ठेवायचं, एकशे चाळीस फूट. भोक त्या ऐंशी फुटांत गेलं. जेसीबी एका सकाळी आला आणि चहाच्या आत काम संपलं. नर्सरीची ऐंशी रोपं भिंतीच्या त्यांच्या बाजूला ओळीने लागली, सगळी एका उंचीची.

‘मुळासकट’ मात्र कुणी काढलं नव्हतं. जेसीबीने वरचं ओढलं, खालचं राहिलं, त्यावर पाया भरला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात भिंतीच्या आमच्या बाजूने फुटवे आले, आणि त्यांच्याही बाजूने, रोपांच्या ओळीच्या मधे मधे, वेडेवाकडे. त्यांचा मुंबईहून फोन आला, माळी विचारतोय ही मधली काढून टाकू का, ती जुनी आहेत का तण आहे.

फोन स्पीकरवर होता. आजी म्हणाली, “राहू देत म्हणावं. आषाढ सरल्यावर सगळी एकदम कापा, मग कळणार नाही कुठली कुठली.”